हाडांचं पहिलं सलाईन आणि आधीचे पंधरा दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात आरोग्य समितीच्या भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिला मंडळाने आम्हाला भाषणाचा विषय चिठ्ठीवर लिहून पाठवला. चिठ्ठीवर एवढेच होते : "हाडांचं सलाईन. घ्यावं की नाही? भीती वाटते." चिठ्ठी कोणी लिहिली ते आम्ही विचारले नाही. गेल्या वर्षभरात हाच प्रश्न जिन्यावर, बाजारात, मेडिकलच्या दुकानासमोर आम्हाला कितीतरी जणींनी विचारलेला आहे. आम्ही म्हणजे आरोग्य समितीच्या चौघी. आमच्यातल्या दोघींची हयात वॉर्डात गेली, एकीने औषधाच्या दुकानात वीस वर्षं काढली आणि चौथीने स्वतःच्या आईला हे सलाईन तीन वेळा देऊन आणलेलं आहे. आम्ही डॉक्टर नाही. घ्यायचं की नाही हे तुमचे डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतील. पण एकदा ठरलं, केसपेपरवर तारीख पडली, की त्या तारखेपर्यंत घरी काय करायचं हे कोणी निवांत बसून सांगत नाही. ओपीडीत तेवढा वेळच नसतो. ते सांगण्यासाठी आम्ही आज उभ्या आहोत.

प्रथम हे औषध काय आहे ते समजून घेऊ. हाड म्हणजे भिंतीतली वीट नाही, की एकदा बसवली आणि झालं. जिवंत हाडात मोडतोड आणि बांधकाम दोन्ही रोज चालू असतं. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी वेगळ्या आणि तिथे नवं भरणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यानंतर बाईच्या शरीरात खरवडणाऱ्यांचा जोर वाढतो, भरणाऱ्या मागे पडतात, आणि हाड आतून चाळणीसारखं होत जातं. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. मोरीत पाय घसरतो, हात टेकतो, मनगट मोडतं, तेव्हा घरात म्हणतात, "पडली म्हणून मोडलं." अहो, लहान पोरं दिवसातून दहा वेळा पडतात. उभ्या उभ्या, साध्या पडण्याने जर प्रौढ माणसाचं हाड मोडत असेल तर ते आधीच ठिसूळ झालेलं असण्याचा संभव मोठा. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला अस्थिसुषिरता असा शब्द आहे, तो पाठ करायची गरज नाही. हाडं ठिसूळ झाली म्हटलं तरी डॉक्टरांना कळतं. पुरुषांनाही हा रोग होतो, विशेषतः दम्यासाठी वा संधिवातासाठी ज्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या आहेत त्यांना; तेव्हा बंधूंनी कान बंद करू नयेत.

ज्या सलाईनबद्दल आपण बोलतो त्यातल्या औषधाचं नाव झोलेड्रॉनिक ॲसिड. ॲसिड म्हटल्यावर काही जणींच्या डोळ्यांसमोर संडास धुण्याची बाटली येते. तसलं ते नाही. ५ मिलिग्रॅम औषध, १०० मिलिलिटरची छोटी बाटली, वर्षातून एकदाच शिरेतून द्यायची. हे औषध हाडाला जाऊन चिकटतं आणि खरवडणाऱ्या पेशींना शांत करतं. गंमत अशी, की या जातीची रसायनं पूर्वी पाण्याच्या नळ्यांत क्षार धरू नये म्हणून वापरत असत. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हाडांच्या कामी आणली, आणि त्याच कुळातलं हे औषध. २००७ साली त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ६५ ते ८९ वयाच्या ७,७६५ बायका होत्या. साधारण निम्म्यांना दरवर्षी हे औषध दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी औषधाशिवायची बाटली. तीन वर्षांनी हिशेब केला. औषध न मिळालेल्यांपैकी १०.९ टक्के बायकांचा मणका नव्याने दबला होता, औषध मिळालेल्यांपैकी ३.३ टक्के. खुबा मोडण्याचं प्रमाण २.५ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे औषध जादू नाही. घेऊनही काहींचं हाड मोडलंच. पण फरक उघड आहे.

आणि ज्यांचा खुबा मोडून ऑपरेशन झालेलं आहे त्यांनी तर हे जास्त लक्ष देऊन ऐकावं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे सलाईन सुरू केलं होतं. पुढच्या काळात दगावणाऱ्यांचं प्रमाण औषध न मिळालेल्या गटात १३.३ टक्के होतं आणि औषध मिळालेल्या गटात ९.६ टक्के. आपल्याकडे काय होतं? रॉड घातला, टाके काढले, वॉकर आणला, की घरच्यांना वाटतं काम झालं. मोडलेलं हाड जोडलं गेलं, पण उरलेली हाडं तशीच ठिसूळ राहिली, त्यांचं काय, हे विचारायचं राहूनच जातं. डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या औषधाचं नाव नसेल तर तुम्हीच विचारा.

गोळ्या नाहीत का, असं कोणी विचारील. आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आहेत, आणि त्याही चांगल्या आहेत. पण ती गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं असतं, चहासुद्धा नाही. ज्यांना अन्ननलिकेचा त्रास आहे, ज्यांना अर्धा तास बसवत नाही, किंवा ज्यांचा आठवडा चुकतोच चुकतो, त्यांच्यासाठी वर्षाचं सलाईन सोयीचं पडतं.

एक सावधगिरी इथेच सांगून टाकतो. नाक्यावर मोफत शिबिरं लागतात, टाच एका छोट्या यंत्रात घालायला सांगतात आणि मिनिटात "तुमची हाडं ठिसूळ" असा कागद हातात देतात. तेवढ्यावरून सलाईन घ्यायला धावू नका. उपचार ठरवण्यासाठीची खरी तपासणी डेक्सा. त्यात आडवं झोपवून कंबर आणि खुबा यांचं मोजमाप घेतात. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, किंवा साध्या पडण्याने मणका वा खुबा मोडलेला असेल, तर डॉक्टर उपचाराचा विचार करतात. टाचेचा कागद मिळाला असेल तर तो डॉक्टरांना दाखवा, त्यापुढे त्याचं काम नाही.

आता भीतीकडे येतो, कारण चिठ्ठीतला खरा शब्द तोच होता. ही भीती आपल्या वस्तीत कुठून आली ते बहुतेकींना ठाऊक आहे. नाव घेण्याचं कारण नाही. मागच्या एका पावसाळ्यात आपल्या एका मावशींनी हे सलाईन घेतलं. अर्ध्या तासात मोकळ्या झाल्या, चालत घरी आल्या, रात्री भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप भरला, अंग मोडून आलं, कूस बदलता येईना. घरच्यांना काही सांगितलेलं नव्हतं. दिवस डेंग्यूचे. रिक्षा केली, रात्री दहा वाजता दाखवलं, रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी ताप आपोआप उतरला. पण तोपर्यंत सगळ्या इमारतीत झालं होतं, "सलाईनने मावशी आडवी झाली." त्या महिन्यात आणखी चौघींच्या तारखा होत्या. चौघींनीही घेतल्या नाहीत. त्यांतल्या एक आजी भाद्रपदात मोरीत घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. सलाईन घेतलं असतं तर मोडला नसता असं आम्ही म्हणत नाही, तसं कोणीच सांगू शकत नाही. पण त्यांनी ते नाकारलं तापाच्या भीतीने, आणि तो ताप आधी माहीत असता तर भीतीचं कारण नव्हतं, एवढं मात्र आम्ही नक्की म्हणतो.

तेव्हा ऐका. पहिल्या सलाईननंतर ताप, कणकण, डोकं दुखणं, स्नायू आणि सांधे दुखणं हे ओळखीचं आहे. त्याच मोठ्या चाचणीत पहिल्या वेळी ३१.६ टक्के बायकांना, म्हणजे तिघींतल्या एकीला, असा काही ना काही त्रास झाला. दुसऱ्या वर्षी ६.६ टक्क्यांना आणि तिसऱ्या वर्षी २.८ टक्क्यांना. औषध शरीरात गेलं की आपल्या काही संरक्षक पेशी खवळतात, त्यातून हा ताप येतो. पुढच्या वर्षी त्या तितक्या खवळत नाहीत. ज्यांनी आधी आठवड्याच्या गोळ्या घेतलेल्या असतात त्यांना पहिल्या वेळीही बहुधा कमी त्रास होतो. सुरुवात बहुतेक पहिल्या तीन दिवसांत होते आणि सुरू झाल्यापासून साधारण तीन दिवसांत ओसरते. काहींना आठवडाभर, क्वचित त्याहून थोडं जास्त अंग दुखतं. मावशींना झालं ते हेच. दुसऱ्या वर्षी त्यांनी घेतलं तेव्हा त्यांना साधी कणकणही आली नाही, पण ती बातमी काही कोणी इमारतभर केली नाही!

आता तयारी. सलाईन अर्ध्या तासाचं असतं, तयारीला मात्र निदान पंधरा दिवस धरा, आणि दातांचं काम निघालं तर त्याहून जास्त.

सर्वांत आधी मूत्रपिंड, म्हणजे किडनी. हे औषध शरीरात पचून नाहीसं होत नाही. साधारण चाळीस टक्के पहिल्या दिवसात लघवीवाटे जातं, उरलेलं मुख्यतः हाडात जाऊन बसतं. म्हणून किडनीला ते झेपलं पाहिजे. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. इथे एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्या. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ आलं आणि पुढे नॉर्मल छापलं, की आपण खूश. पण डॉक्टर त्यावरून एक गणित करतात. त्यात वय आणि वजन धरतात. ५५ वर्षांची, ६० किलो वजनाची बाई असेल तर १.१ क्रिएटिनिनला किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण ५५ मिलिलिटर येते. तेच १.१, पण आजी ७८ वर्षांच्या आणि वजन ४२ किलो असेल, तर उत्तर येतं साधारण २८. आणि ३५ च्या खाली असेल तर हे औषध द्यायचं नसतं. आकडा तोच, नॉर्मल शब्दही तोच, पण एकीला चालतं आणि दुसरीला चालत नाही. आपल्या आज्या सगळ्या चाळीस-पंचेचाळीस किलोच्याच आहेत. तेव्हा रक्ताचा रिपोर्ट ताजा पाहिजे, सहा महिन्यांपूर्वीचा नको, आणि वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर उभं राहून घ्या. "आमचं गणित किती आलं?" हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. दरवर्षी सलाईनच्या आधी ही तपासणी पुन्हा करायची असते. ३५ च्या खाली आलं म्हणून उपचारच संपले असंही नाही, दुसरी औषधं असतात, डॉक्टर सांगतील.

किडनीवरूनच आठवलं. आपल्याकडे गुडघे दुखले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि महिनोन्महिने खायची, ही सवय फार. आमच्यातली जी दुकानात होती ती सांगते, की चिठ्ठीशिवाय सर्वांत जास्त मागणी त्याच गोळ्यांची. त्यातल्या बऱ्याचशा किडनीवर ताण आणतात. सलाईनच्या आधी आणि नंतर अशी कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर तीही सांगा. खाता ती सगळी औषधं, काढे आणि चूर्णं धरून, एका पिशवीत घालून न्या. नावं सांगता येत नसतील तर पिशवी बोलते.

दुसरी गोष्ट व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम. हे औषध हाडातून कॅल्शियम बाहेर पडणं अडवतं. शरीरात मुळातच तुटवडा असेल तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं, आणि तोंडाभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं, हातापायाला गोळे येणं असे प्रकार होतात. म्हणून रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी आधी तपासून, कमी असेल तर आधी भरून काढतात, मग सलाईन. आपल्या घरांत ऊन येतं कुठे? सकाळी कामाला अंधारात निघायचं, संध्याकाळी अंधारात परतायचं, आणि घरात राहणाऱ्या आजी खाटेवर. डी कमी निघालं तर आश्चर्य नाही. डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा लिहून देतात. आठवड्यातून एकदा! रोज घेतली तर अपाय होतो. घरात वाचणारं कोणी असेल त्याने कॅलेंडरवर वार मांडून ठेवावा. मानेचं, थायरॉइडचं ऑपरेशन पूर्वी झालं असेल तर तेही सांगायचं, कारण त्याचा कॅल्शियमशी संबंध असतो.

कॅल्शियम जेवणातून दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅमपर्यंत पोहोचलं पाहिजे. कमी पडतं तेवढं गोळीने. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, कपभर दुधात दोनशेच्या आसपास. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, आणि काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी, हे सगळं आपल्या ताटातलंच आहे. बीपी असेल त्यांनी सुकटीचं मीठ धुऊन घ्यावं.

तिसरी गोष्ट दात, आणि इथे थोडं जास्त थांबायचं आहे. या औषधाने फार क्वचित, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्या दहा हजारांत एखादीला किंवा त्याहूनही कमी जणींना, जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येण्याचा त्रास होतो. तो बहुतेकदा दाढ काढल्यानंतर होतो. प्रमाण इतकं कमी असल्याने त्यासाठी सलाईन सोडू नये असंच डॉक्टर सांगतात, पण काढण्याजोगी दाढ आधीच काढून घेणं शहाणपणाचं. जखम भरली की मग सलाईन. साफसफाई आणि सिमेंट भरणं यांत अडचण नाही. कवळी असेल तर ती कुठे टोचते का, हिरडीवर फोड आहे का, हेही दाखवायचं, कारण सैल कवळीची जखम वर्षानुवर्षं तशीच ठेवणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत.

आणि मिश्री. हसू नका. आम्हाला ठाऊक आहे समोर किती डब्या बसलेल्या आहेत ते. मिश्रीने दात घट्ट होतात हा समज आपल्या आज्यांकडून आला. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्या खराब होतात, दात मुळापासून हलतात, आणि हललेली दाढ म्हणजे उद्या काढावी लागणारी दाढ. दातांच्या डॉक्टरला खोटं सांगू नका, त्याला तोंड उघडताच कळतं. सलाईननंतरही पुढे कधी दाढ काढायची वेळ आली तर "मी हाडांचं सलाईन घेते, अमुक महिन्यात घेतलं" हे आधी सांगायचं.

आता तारीख कशी घ्यावी. ताप आला तर दोन-तीन दिवस पडून राहावं लागेल हे धरून चला. ५ डिसेंबरला सलाईन आणि ६ डिसेंबरला दादरच्या रांगेत, असं करू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची गाडी धरायची असेल तर त्याआधीचा निदान आठवडा मोकळा सोडा. नातवाचं लग्न, गावची जत्रा, पाहुणे यांचंही तसंच. उपोसथ धरणाऱ्या उपासिकांनी पौर्णिमेची तारीख घेऊ नये. या सलाईनला उपाशी जायचं नसतं, उलट पोटभर खाऊन जायचं असतं, आणि संध्याकाळी ताप आला तर रिकाम्या पोटी गोळी घेणं बरं नाही. दुपारनंतर न जेवण्याचा नेम त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस मोडतोच, मग आधीच वेगळा दिवस निवडलेला बरा. सुनेची, मुलीची रजा पाहून शुक्रवार साधला तर रात्री घरात कोणीतरी असतं. ज्या एकट्या राहतात त्यांनी शेजारी सांगून ठेवावं. आम्हालाही सांगा, आम्ही डोकावून जाऊ.

त्या दिवशी सकाळपासून पाणी प्या. निघण्यापूर्वी दोन पेले तरी पोटात गेले पाहिजेत. इथे आपल्या बायकांची अडचण आम्हाला माहीत आहे, की दवाखान्यात संडास स्वच्छ नसतो म्हणून पाणीच प्यायचं नाही. त्या दिवशी ते चालणार नाही. ज्यांना हृदयाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून प्यावं. सैल बाहीचा ब्लाउज घाला, बांगड्या घरी काढून ठेवा.

सिस्टर बाटली लावतील तेव्हा दोन गोष्टी बघा. बाटलीवर ५ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर आहे ना. याच औषधाची ४ मिलिग्रॅमची कुपी कॅन्सरच्या रोग्यांसाठी असते. ज्यांना ती चालू आहे त्यांनी हे वेगळं घ्यायचं नसतं, म्हणून तसे उपचार चालू असतील तर आधीच सांगा. दुसरं, सलाईन किमान पंधरा मिनिटं तरी चाललं पाहिजे. बरेच ठिकाणी अर्धा तास लावतात, ते चांगलंच. लवकर घरी जायचंय म्हणून "सिस्टर, जरा जोरात सोडा" असं म्हणू नका. घाईने सोडलेलं औषध किडनीला जड जातं. आमच्या नोकरीत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की मोजदाद नाही. सुईच्या जागी जळजळ झाली, सूज आली, तर लगेच सांगा. नंतर थोडं बसा, पाणी प्या, आणि एकट्याने बसला लोंबकळत येऊ नका.

त्या रात्रीसाठी घरात पॅरासिटामॉल आणून ठेवा. किती आणि किती वेळा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही डॉक्टर त्याच दिवसापासून दोन-तीन दिवस ठरावीक वेळी घ्यायला सांगतात, त्याने त्रास कमी होतो. लिव्हरचं दुखणं असेल तर तेही बोला. ताप, अंगदुखी एवढंच असेल तर आराम, पेज, पाणी. मात्र ताप तीन दिवसांपलीकडे गेला, थंडी वाजून चढ-उतार होऊ लागला, तर ते सलाईनचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यू असतातच, तपासून घ्या. डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, मुंग्या आणि गोळे येऊ लागले, छातीत धडधड अनियमित वाटली, लघवी फार कमी झाली, तर वाट न पाहता दाखवायचं. धडधडीचं म्हणाल तर त्या मोठ्या चाचणीत हृदयाचा ठोका गंभीरपणे अनियमित होण्याचा त्रास औषधवाल्या गटात १.३ टक्के होता आणि दुसऱ्या गटात ०.५ टक्के, तेव्हा ज्यांना आधीपासून असा त्रास आहे त्यांनी तो लपवू नये.

पुढच्या वर्षांबद्दल थोडंसं. हे औषध जन्मभर घ्यायचं नसतं. बहुधा तीन वर्षं झाली की डॉक्टर पुन्हा मोजमाप करून थांबायचं का ते बघतात; ज्यांना धोका जास्त असतो त्यांना पुढेही देतात. अनेक वर्षं घेतल्यावर फार क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच तऱ्हेने चिरतं, आणि त्याआधी मांडीत किंवा जांघेत काही आठवडे ठणकत असतं. असं दुखणं वाताचं म्हणून चोळत बसू नका. आणि दर सहा महिन्यांनी त्वचेखाली घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं दुसरं एक इंजेक्शन आहे, त्याची आणि याची गल्लत होते. ते इंजेक्शन मनाने मध्येच बंद केलं तर मणके दबण्याचा धोका वाढतो. तुमचं कोणतं आहे ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

ज्यांचा मणका दबलेला आहे त्यांच्यासाठी विहारात आता भिंतीकडे खुर्च्या मांडल्या आहेत. त्यांनी वंदनेला जमिनीवर बसून कंबरेतून पुढे वाकायचं नाही. खुर्चीवर बसून हात जोडले तरी चालतं, भन्तेजींनी स्वतः तसं सांगितलेलं आहे. तरी काही आजी खाली बसतातच, आणि मग उठताना दोघींना ओढावं लागतं.

खर्चाचं विचाराल तर एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत बरीच तफावत असते. स्वस्तातली चालेल का हे डॉक्टरांना विचारून मगच घ्या. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, रेशनकार्ड घेऊन तिथे जाता येतं. सोबत कोणी नसेल तर आमच्यातली एक येईल.

दर रविवारी वंदनेनंतर मागच्या खोलीत वजनकाटा काढून ठेवलेला असतो. ज्यांची तारीख लागली आहे त्यांनी रक्ताचा रिपोर्ट आणि औषधांची पिशवी घेऊन यावं. रिपोर्टवरचं क्रिएटिनिन, वय आणि वजन आम्ही एका कागदावर लिहून देऊ, तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंनीही यावं. जयभीम.